पाळ्या लावण्याआधी : सहनिवासातील कामवाटप आणि सामाईक जागांची देखभाल

सहनिवासात प्रत्येक बिऱ्हाडाचे घर स्वतंत्र असते. पण मोठे स्वयंपाकघर, भोजनकक्ष, धुलाईची खोली, कार्यशाळा, पाहुण्यांची खोली, अंगण आणि बाग या जागा सर्वांच्या मिळून असतात व त्यांची देखभाल रहिवाशांनीच करायची असते. बहुतेक गट या देखभालीची सुरुवात भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावून करतात आणि चूक तिथेच होते. तक्ता लागतो तेव्हा कामे किती आहेत हे कोणी मोजलेले नसते, काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे हे कोणी लिहिलेले नसते, आणि चुकलेल्या पाळीचे काय करायचे यावर कोणी बोललेले नसते. दोन-तीन महिन्यांत चार-पाच जण बाकीच्यांची कामे उरकू लागतात, आणि मग बैठकीत कामाऐवजी माणसांवर बोलणे सुरू होते. पुढे दिलेल्या क्रमात तक्ता सहाव्या टप्प्यावर येतो. त्याआधीचे पाच टप्पे कंटाळवाणे आहेत, हे मान्य. तरीही त्यांतला एकही गाळू नये.

## पूर्वतयारी

संपूर्ण प्रक्रियेसाठी सहा ते आठ आठवडे राखून ठेवावेत आणि तोवर जे जसे चालले आहे तसे चालू द्यावे. दोन समन्वयक नेमावेत. एकट्यावर टाकलेले समन्वयाचे काम ती व्यक्ती आजारी पडली किंवा वैतागली की थांबते. तिघे झाले तर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने विचारले असेल. दोघांपैकी एक हिशेबात पक्का आणि दुसरा लोकांशी बोलण्यात सहज असावा.

सामाईक जागांचा नकाशा (हाताने काढलेला चालेल), किल्ल्यांची यादी, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, मागील वर्षातील दुरुस्तीची बिले आणि एक जाड वही एवढे साहित्य जमवावे. निर्णय कसा घ्यायचा हेही आधीच ठरवावे. कामवाटपासारख्या विषयात पूर्ण एकमताचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हे तुम्हाला पसंत आहे का?’ असे विचारल्यास चर्चा संपत नाही; ‘हे तीन महिने करून पाहायला कोणाची ठोस हरकत आहे का?’ असे विचारल्यास ती बहुधा त्याच बैठकीत संपते.

इशारा : पहिल्याच बैठकीत ‘कोण काय करेल?’ असे विचारू नये. हात नेहमीचेच लोक वर करतात, आणि त्यांच्या उत्साहावर उभारलेली व्यवस्था ते थकेपर्यंतच टिकते.

## टप्पा १ : जागा फिरून कामांची यादी करणे

ही यादी बैठकीत बसून करू नये; प्रत्यक्ष फिरून करावी. दोघांच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीत ती जागा रोज वापरणारा एक जण व क्वचित वापरणारा एक जण असावा. रोज वापरणाऱ्याला तिथली कामे माहीत असतात, तर क्वचित येणाऱ्याला तिथली घाण दिसते. प्रत्येक खोलीत दारात उभे राहून आधी वर पाहावे (दिवे, पंखे, छतावरील ओलीचे डाग, धुराची सूचना देणारे यंत्र), मग भिंतीकडे (स्विचांभोवतीचे हातांचे डाग, खिडक्यांचे खाचे), मग जमिनीकडे, आणि शेवटी जे हलवल्याशिवाय दिसत नाही तिकडे, म्हणजे फ्रिजच्या मागे, धुलाईयंत्राच्या खाली आणि कपाटांच्या माथ्यावर. जे दिसेल ते काम म्हणून लिहावे आणि शेजारी ते किती वेळाने करावे लागते याची नोंद करावी : रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षातून दोनदा, वर्षाला.

यानंतर न दिसणाऱ्या कामांची वेगळी यादी करावी, कारण वाद पुढे तिथूनच उगवतात. साबण संपत आला हे लक्षात येणे, तो मागवणे, बिल जमा करणे, दुरुस्तीला येणाऱ्या माणसासाठी सकाळभर थांबणे, बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, नव्या बिऱ्हाडाला जागा दाखवणे, हरवलेली किल्ली शोधणे, ही सगळी कामे आहेत आणि त्यांना तास लागतात. झाडू मारणारा सर्वांना दिसतो. तीन ठिकाणी फोन करून नळदुरुस्तीची वेळ ठरवणारा कोणालाच दिसत नाही.

आमच्या गटात पहिल्या वर्षी पाहुण्यांच्या खोलीतून सांडपाण्याचा वास येऊ लागला. निचरा तुंबला असेल असे समजून कारागीर बोलावला गेला. त्याने न्हाणीघराच्या जाळीवर बॅटरीचा प्रकाश टाकला, बादलीभर पाणी ओतले आणि दहा मिनिटांत वास थांबला. जाळीखालच्या वाकलेल्या नळीत जे पाणी साचून राहते तेच गटारातील वायू अडवून धरते. अनेक आठवडे खोली कोणी वापरली नव्हती, म्हणून ते पाणी वाळून गेले होते. ‘न वापरल्या जाणाऱ्या मोरीत दोन आठवड्यांनी पाणी ओतणे’ हे एक मिनिटाचे काम कोणत्याच यादीत नव्हते.

यादी करतानाच सीमाही ठरवाव्यात. संपूर्ण खासगी आणि संपूर्ण सामाईक जागांबद्दल वाद होत नाहीत. ते होतात मधल्या पट्ट्यात. दारासमोरील चपला, जिन्याखाली ठेवलेली सायकल, आपल्या खिडकीखाली एखाद्याने लावलेली फुलझाडे, गच्चीवरील एका घराची पाण्याची नळी, यांतील प्रत्येक गोष्टीपुढे ‘देखभाल कोणाची’ आणि ‘हलवण्याचा अधिकार कोणाला’ अशी दोन उत्तरे लिहावीत. ही दोन उत्तरे दर वेळी एकच असतील असे नाही.

तपासणी : नकाशावरील प्रत्येक खोलीसमोर किमान एक मासिक आणि एक वार्षिक काम आले आहे का? एखाद्या खोलीसमोर फक्त ‘झाडणे-पुसणे’ असेल, तर तिथे पुन्हा जावे.

## टप्पा २ : काम ‘झाले’ असे कधी म्हणायचे ते लिहिणे

‘स्वयंपाकघर स्वच्छ ठेवावे’ ही सूचना निरुपयोगी आहे. एकाच्या मते ओटा पुसला की स्वच्छ. दुसऱ्याच्या मते भांडी धुण्याच्या कुंडीची जाळी उचलून खालचा गाळ काढल्याशिवाय स्वच्छ हा शब्द वापरता येत नाही. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघेही एकमेकांना दोष देतात. म्हणून प्रत्येक नियमित कामासाठी पाच ते सात ओळींचे कार्ड करावे व ते जिथे काम करायचे तिथेच, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे.

भोजनानंतरच्या आवराआवरीचे एक कार्ड नमुन्यादाखल देतो :

१. उरलेले अन्न उथळ डब्यांत काढून, तारीख लिहून, फ्रिजमध्ये ठेवले.
२. भांडी धुऊन पुसून जागेवर लावली. ओट्यावर एकही भांडे नाही.
३. कुंडीची जाळी रिकामी करून घासली. नळाच्या बुडाशी पाणी साचलेले नाही.
४. ओटा, शेगडी आणि दारांच्या मुठी पुसल्या.
५. फडकी धुलाईच्या टोपलीत टाकली. पोछा पिळून दांडीवर उलटा टांगला.
६. गॅस, दिवे आणि खिडक्या पाहिल्या. कचरा बाहेर नेला.

वाक्ये ‘पुसावे’ अशी आज्ञार्थी नाहीत, ‘पुसले’ अशी झालेल्या कामाची आहेत. हा बदल किरकोळ वाटतो, पण वाचणारा आपोआप प्रत्येक ओळ पडताळून पाहतो. पाचव्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे : गढूळ पाण्याच्या बादलीत तसाच उभा ठेवलेला पोछा दुसऱ्या दिवशी ज्याच्या हाती येतो, त्याला आदल्या दिवशीच्या माणसाबद्दल जे वाटते ते कोणत्याही बैठकीत निवळत नाही.

सुरक्षिततेशी संबंधित आकडे मात्र कार्डावर चर्चेविना छापावेत. शिजवलेले अन्न २ तासांच्या आत थंड जागी जावे. फ्रिजचे तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. वाढेपर्यंत गरम ठेवायचे अन्न ६० अंशांच्या वर राहावे, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. खोल पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून कार्डावर ‘उथळ डबे’ असे लिहिले आहे.

इशारा : ब्लीच आणि आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, ब्लीच व अमोनिया यांचे मिश्रणही तितकेच घातक असते. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवू नयेत आणि मूळ लेबल नसलेल्या बाटलीत कोणतेही रसायन ओतून ठेवू नये. कार्यशाळेत जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेटू शकतात. ती बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावीत.

## टप्पा ३ : तास मोजणे

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. यादीतील प्रत्येक कामासमोर, ते ठरलेल्या दर्जाने करायला किती मिनिटे लागतात ते लिहावे. अंदाजावर विसंबू नये. दोन आठवडे प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजावे, आणि त्यात सामान काढणे व परत ठेवणे धरावे. मासिक तास काढताना साप्ताहिक कामाला ४ने गुणू नये. वर्षात ५२ आठवडे असतात, त्यामुळे महिन्याला सुमारे ४.३३ आठवडे पडतात. ४ने गुणल्यास वर्षातील चार आठवड्यांचे काम हिशेबातून गळते आणि ते कोणालातरी करावेच लागते.

हिशेब कसा करायचा ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका सहनिवासात ३८ प्रौढ आहेत आणि त्यांपैकी ३४ जण काम देऊ शकतात. आठवड्याला दोन सामाईक जेवणे होतात. एका जेवणामागे तिघांचे तीन तास स्वयंपाकात, दोघांचे दीड तास आवराआवरीत आणि एकाचा एक तास खरेदीत जातो. म्हणजे एकूण १३ तास. महिन्याला सुमारे ८.७ जेवणे धरली तर ११३ तास झाले. खोल्यांची साफसफाई ३६ तास, बाग व अंगण २४ तास, तपासण्या व किरकोळ दुरुस्त्या १४ तास, आणि हिशेब, इतिवृत्त, खरेदी-नोंदी व समन्वय मिळून १७ तास. एकूण २०४ तास. म्हणजे ३४ जणांत प्रत्येकी महिन्याला ६ तास.

ही बेरीज समोर आली की चर्चेचे स्वरूपच बदलते. सहा तास जड वाटत असतील तर काय कमी करायचे ते उघड दिसते : एकूण कामापैकी निम्म्याहून अधिक वाटा जेवणांचा आहे. आठवड्याला एकच जेवण ठेवले तर प्रत्येकी सुमारे ४.३ तास उरतात. फरशी पुसण्यात काटकसर करून एवढी बचत कधीच होत नाही, आणि तरीही गट नेहमी फरशीवरच भांडतात.

मोजणीचे आणखी एक कारण आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांना घरातील कामांतील स्वतःचा वाटा किती ते विचारले. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज एकूण कामापेक्षा जास्त भरली. आपण केलेले काम आपल्याला आठवते, दुसऱ्याने केलेले आठवत नाही, इतके साधे कारण त्यामागे आहे. घरात दोघांचे असे होत असेल तर ३४ जणांत काय होईल याची कल्पना करावी. ‘सगळे मीच करतो’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याच्याजवळ नोंद नसते.

तपासणी : न दिसणाऱ्या कामांचे तास बेरजेत आले आहेत का? हा आकडा शून्य किंवा जवळपास शून्य असेल, तर यादी अपुरी आहे.

## टप्पा ४ : कोणते काम स्वतः, कोणते बाहेरून, कोणते मुळीच नाही

पुढील कामे उत्साह कितीही असला तरी प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावीत : वीजजोडणीतील बदल, गॅसवाहिनी, लिफ्ट, उंच छपरावरील काम आणि बंदिस्त टाकीत उतरून करायची सफाई. बंदिस्त टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते वरून कळत नाही. रहिवाशांनी करायच्या तपासण्या वेगळ्या लिहाव्यात. धुराची सूचना देणारे यंत्र बटण दाबून दर महिन्याला तपासावे व १० वर्षांनी बदलावे. अग्निशामकाच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा पाहावे. विजेच्या गळतीवर वीज तोडणाऱ्या ब्रेकरचे चाचणी-बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे. कपडे वाळवण्याच्या यंत्राची जाळी प्रत्येक वापरानंतर साफ करावी, कारण साचलेल्या तंतूंना आग लागते.

शिडीचे काम ठेवलेच तर दोघांनी करावे, आणि टेकवायची शिडी जितकी उंच टेकेल त्याच्या एक-चतुर्थांश अंतरावर तिचा पाय ठेवावा : ४ मीटर उंचीला १ मीटर.

उरलेल्या यादीतून काही कामे सरळ खोडून टाकावीत. कोणी न वापरणारी खोली, पाणी पिणारे पण कोणाला नको असलेले गवत, दर महिन्याचे वार्तापत्र, यांवर काट मारण्याचे धैर्य याच टप्प्यावर दाखवावे.

## टप्पा ५ : जबाबदारी तीन प्रकारांत विभागणे

सर्व कामे एकाच पद्धतीने वाटू नयेत. काही कामांना सातत्य लागते, काहींना केवळ हात लागतात आणि काहींना एकाच वेळी पुष्कळ हात लागतात. त्यानुसार तीन प्रकार करावेत.

पहिला प्रकार पालकत्वाचा. प्रत्येक जागेला एक पालक व एक पर्यायी पालक असावा आणि त्यांची नेमणूक किमान सहा महिन्यांची असावी. पालकाने सगळे काम स्वतः करायचे नसते. त्या जागेत काय संपले, काय बिघडले, पुढच्या महिन्यात काय करावे लागेल, हे लक्षात ठेवणे आणि त्याची व्यवस्था लावणे हे त्याचे काम. त्यासाठी ठरावीक रकमेपर्यंत न विचारता खर्च करण्याची मुभा त्याला द्यावी. प्रत्येक नळाच्या वायसरसाठी बैठकीची वाट पाहावी लागली तर पालक दोन महिन्यांत राजीनामा देतो आणि त्यात त्याची चूक नसते.

दुसरा प्रकार पाळीचा : स्वयंपाक, आवराआवर, साफसफाई, कचरा. इथे अनुभवापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा, आणि कार्ड समोर असल्याने कोणालाही हे काम करता येते.

तिसरा प्रकार श्रमदानाच्या दिवसाचा : पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी साफ करणे, रंगकाम, खतकुंडी उपसणे, कोठी रिकामी करणे.

वाटप करताना सर्वांना तास समान असावेत, कामे समान असण्याची गरज नाही. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीने हिशेब ठेवावा, तान्हे मूल असलेल्या आई-वडिलांनी घरून करता येणारी मागणी-नोंदणी घ्यावी, रात्रपाळी करणाऱ्याने सकाळची कामे घ्यावीत. आजारपण, बाळंतपण किंवा घरातील मृत्यू यासाठी ठरावीक मुदतीची सूट नियमातच लिहून ठेवावी, म्हणजे ज्याला ती हवी असते त्याला ऐन अडचणीत सर्वांसमोर मागावी लागत नाही.

काम न करता पैसे द्यावेत का, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. माझा कल ‘मर्यादेत’ या उत्तराकडे आहे : वर्षातील दोन-तीन महिन्यांपुरती ही सोय ठेवावी आणि त्या पैशातून खरोखर बाहेरचे माणूस लावावे. मर्यादा नसेल तर ज्यांच्याजवळ पैसा आहे ते रहिवासी ग्राहक बनतात, आणि ज्यांच्याजवळ तो नाही ते त्यांचे सेवक.

सामान्य चूक : जो चांगला स्वयंपाक करतो त्याला कायम स्वयंपाक, आणि ज्याला हत्यारे चालवता येतात त्याला सर्व दुरुस्त्या. अशा प्रत्येक कामात दुसरे माणूस सोबत देऊन वर्षभरात तयार करावे.

## टप्पा ६ : वेळापत्रक लावणे

आता तक्ता करावा. तो तीन महिन्यांचा असावा. एका महिन्याचा केल्यास तो करण्यातच समन्वयकाचा वेळ जातो आणि वर्षाचा केल्यास तो कोणी पाळत नाही. आधी प्रत्येकाकडून ‘कोणते दिवस जमत नाहीत’ एवढेच विचारावे. ‘कोणते दिवस जमतात’ असे विचारले तर सर्वांना एकच संध्याकाळ जमते.

वरील उदाहरणात दर जेवणाला स्वयंपाक व आवराआवर मिळून पाच जण, म्हणजे आठवड्याला दहा जागा लागतात. ३४ जणांत प्रत्येकाची पाळी साधारण साडेतीन आठवड्यांनी येते. हा आकडा तक्त्याच्या वर लिहावा. पाळी किती दिवसांनी येणार हे माहीत असलेला माणूस ती टाळण्याची खटपट कमी करतो. स्वयंपाकाच्या तुकडीत अनुभवी एक आणि नवखे दोन असावेत. जेवायला किती जण येणार याची नोंदणी दोन दिवस आधी बंद करावी, आणि वर्ज्य पदार्थ व ॲलर्जी यांची यादी स्वयंपाकघरात कायम लावलेली असावी. त्या यादीत बदल झाल्यास तो तोंडी सांगितलेला पुरेसा मानू नये.

अदलाबदलीचा नियम एकच असावा : ज्याला पाळी जमत नाही त्याने स्वतः बदली माणूस शोधावा आणि तक्त्यावर दोघांनी सही करावी. समन्वयकाला निरोप देणे ही बदली नव्हे. हा नियम ढिला पडला की समन्वयक हाच सर्वांचा बदली माणूस होऊन बसतो.

तपासणी : तक्ता लावल्यानंतर एका आठवड्याने पाच जणांना सहज विचारावे, ‘तुमची पुढची पाळी कधी आहे?’ तिघांना सांगता आले नाही तर तक्त्याची जागा चुकली आहे. तो जिथे लोक थांबतात तिथे हवा : टपालपेट्यांजवळ, धुलाईच्या खोलीत किंवा जिन्याच्या पहिल्या वळणावर.

## टप्पा ७ : श्रमदानाचा दिवस

दोन महिन्यांतून एकदा, तीन तास, याहून अधिक ठेवू नये. आदल्या दिवशी सामान मोजून काढावे. वीस माणसांमागे दोन खराटे असतील तर अठरा जण गप्पा मारतात. प्रत्येक कामासमोर किती माणसे, किती वेळ आणि काय तयार हवे ते लिहून भिंतीवर लावावे व त्यात मुलांना व वृद्धांना झेपणारी कामे वेगळी दाखवावीत. पन्हाळी वर्षातून दोनदा, त्यांपैकी एकदा पावसाळ्यापूर्वी, साफ कराव्यात, मात्र त्या जमिनीवरून किंवा सुरक्षित गच्चीवरून हाताला येत असतील तरच. शेवटची पंचवीस मिनिटे हत्यारे धुऊन मोजून परत ठेवण्यासाठीच राखावीत. दुपारी काम अर्धवट टाकून सगळे पांगले आणि रंगाचे कुंचले वाळून कडक झाले, की पुढच्या वेळी निम्मेच लोक येतात.

## टप्पा ८ : काम राहिले तर

हा नियम कोणाचे काम राहण्याआधी ठरवावा. नंतर ठरवला तर तो त्या व्यक्तीविरुद्ध केला असे वाटते आणि बऱ्याचदा ते खरेही असते. सामाईक साधनांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये जी वैशिष्ट्ये आढळली, त्यांत पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारी कारवाई हे एक होते. सहनिवासात त्या पायऱ्या अशा ठेवता येतील.

पहिल्यांदा पाळी चुकली तर जागेच्या पालकाने त्याच आठवड्यात समोरासमोर विचारावे : ‘परवाची आवराआवर राहिली, काही अडचण आली का?’ सामूहिक संदेशगटावर नाव न घेता टोमणा मारू नये; ज्याच्यासाठी तो असतो त्याला तो कळत नाही आणि इतर दहा जणांना लागतो. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा चुकली तर राहिलेले तास पुढील श्रमदानात भरून द्यावेत. तिसऱ्यांदा दोन्ही समन्वयकांनी घरी जाऊन काम बदलून हवे आहे का, तास कमी करून हवेत का, हे विचारावे. बहुतेक प्रकरणे इथे मिटतात, कारण कारण बहुधा आळस नसून न झेपणारे काम असते. त्यानंतरही काम होत नसेल तरच विषय बैठकीपुढे न्यावा.

राहिलेले काम दुसऱ्याने गुपचूप करून टाकू नये. केलेच तर वहीत तसे लिहावे. चांगुलपणाने लपवलेली उणीव पुढच्या आढाव्यात दिसत नाही, आणि चांगुलपणा करणारा सहा महिन्यांनी एकदम चिडतो.

इशारा : गॅस उघडा राहणे, ॲलर्जीच्या यादीकडे दुर्लक्ष, रसायने मुलांच्या हाताशी ठेवणे या चुका वरील पायऱ्यांत बसत नाहीत. त्यांवर त्याच दिवशी बोलावे.

## टप्पा ९ : आढावा आणि हस्तांतर

तीन महिन्यांनी वही समोर ठेवून चार प्रश्न विचारावेत : कोणत्या कामाला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला, कोणते काम सतत राहिले, कोणते यादीतच नव्हते, आणि कोणते बंद केले तरी चालेल. सतत राहणाऱ्या कामाबाबत आधी कार्ड, सामान आणि वेळ तपासावी. माणूस सर्वांत शेवटी. धुलाईच्या खोलीची सफाई वारंवार राहत असेल, तर कदाचित झाडू तिथे नसून दोन मजले खाली असतो.

नवे बिऱ्हाड आल्यास पहिला महिना त्याला स्वतंत्र पाळी देऊ नये. प्रत्येक प्रकारच्या कामात एकदा सोबत न्यावे. पाण्याची मुख्य तोटी, विजेचा मुख्य स्विच आणि गॅसची झडप कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष हात लावून दाखवावे. नुसते सांगू नये, कारण मध्यरात्री नळी फुटते तेव्हा सांगितलेले आठवत नाही.

पालक बदलताना जुन्या आणि नव्या पालकाने जागेत एकत्र फेरी मारावी. किल्ल्या मोजून घ्याव्यात, अर्धवट राहिलेल्या दुरुस्त्या, कारागिरांचे क्रमांक आणि शिल्लक रक्कम वहीत लिहावी, आणि कोणते दार उचलून धरल्याशिवाय बंद होत नाही, कोणत्या नळाला उलटे फिरवावे लागते, यांसारख्या बारीकसारीक गोष्टींसाठी शेवटचे पान मोकळे ठेवावे. ते पान भरून दोघांनी सह्या केल्या की हस्तांतर पूर्ण झाले असे समजावे. तोवर जबाबदारी जुन्या पालकाकडेच राहते.